शोधनिबंधांचा बाजार आणि आपले त्रैमासिक

आपल्या संघटनेच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक प्रस्ताव विचाराधीन आहे. व्यापारी तत्त्वावर वैद्यकीय नियतकालिके चालविणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेने आपले हे त्रैमासिक चालविण्यास घेण्याची तयारी दर्शविली आहे. छपाई, संकेतस्थळ, टपाल, जाहिराती आणि परीक्षकांशी होणारा पत्रव्यवहार हे सारे त्यांनी करावयाचे. संपादक मंडळ आपले राहील, नावही आपलेच राहील. अंक मात्र संपूर्ण इंग्रजीत निघेल, प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे जाईल आणि दुसऱ्या वर्षापासून लेखकांना प्रकाशनशुल्क द्यावे लागेल. करार दहा वर्षांचा.

हा प्रस्ताव अनेक सभासदांना आकर्षक वाटतो आणि त्यामागची कारणे खोटी नाहीत. आपला अंक क्वचितच वेळेवर निघतो. संपादक वैद्य रात्री दवाखाना बंद केल्यावर मुद्रिते तपासतात, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका राहतात. पदव्युत्तर विद्यार्थी आणि अध्यापक आपला चांगला लेख आपल्याकडे पाठवीत नाहीत, कारण येथे छापलेला लेख आंतरराष्ट्रीय निर्देशसूचीत जात नाही व पदोन्नतीच्या अर्जात त्याला वजन मिळत नाही. या अडचणी मान्य करूनही हा प्रस्ताव स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा निर्णय केवळ कार्यकारिणीचा नसून प्रत्येक सभासदाचा असल्याने त्याची कारणे येथे विस्ताराने मांडीत आहे.

प्रथम या व्यवहाराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. शोधनिबंध लिहिणारा वैद्य मानधन घेत नाही. त्याचे परीक्षण करणारे तज्ज्ञही बहुतेक ठिकाणी विनामोबदला काम करतात. संशोधनाचा खर्च शासन, महाविद्यालय अथवा स्वतः वैद्य सोसतो. हे सर्व फुकट मिळाल्यावर प्रकाशक त्याला एक साचा देतो, त्यावर आपली मुद्रा उमटवितो आणि ज्यांनी लिहिले व तपासले त्यांच्याच ग्रंथालयांना ते विकतो. औषधनिर्मितीच्या व्यवसायातील आपल्या बंधूंनी सांगावे, की मुळ्या-साली गोळा करणाऱ्याने माल फुकट द्यावा, प्रयोगशाळेने चाचणी फुकट करावी आणि तयार चूर्ण त्या दोघांनीच छापील किमतीला विकत घ्यावे, असा कारखाना त्यांनी कोठे पाहिला आहे काय? एल्सव्हियर ही जगातील सर्वांत मोठी अशी प्रकाशनसंस्था रेलेक्स या कंपनीची. त्या कंपनीच्या विज्ञान व वैद्यक विभागाचा नफा २०२३ साली उलाढालीच्या सुमारे ३८ टक्के होता. ज्यांच्या रसशाळा आहेत त्यांनी आपला ताळेबंद या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

अलीकडे या व्यवहाराने दिशा बदलली आहे. लेख वाचकाला विनामूल्य मिळावेत ही मागणी जगभर वाढली, तेव्हा प्रकाशकांनी ती तत्परतेने मान्य केली आणि वाचकाकडून घ्यावयाची रक्कम लेखकाकडून घेण्यास आरंभ केला. मेंदूच्या प्रतिमांकनावरील 'न्यूरोइमेज' या एल्सव्हियरच्या नियतकालिकात एका लेखाचे शुल्क ३,४५० डॉलर, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये, झाले होते. ते कमी करण्याची विनंती प्रकाशकाने अमान्य केल्यावर २०२३ साली तेथील चाळीसहून अधिक संपादकांनी एकत्र राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेस या विद्यापीठीय मुद्रणालयाकडून 'इमेजिंग न्यूरोसायन्स' हे नवे नियतकालिक काढले. त्याआधी २०१५ साली भाषाशास्त्रातील 'लिंग्वा'च्या संपादकांनी हेच करून 'ग्लॉसा' सुरू केले होते. २०१२ मध्ये टिमोथी गॉवर्स या ब्रिटिश गणितज्ञाच्या आवाहनावरून हजारो संशोधकांनी एल्सव्हियरसाठी लिहिणार नाही वा परीक्षण करणार नाही, अशी जाहीर प्रतिज्ञा केली. ज्या दारातून जगातील मोठे संशोधक बाहेर पडत आहेत, त्याच दारात आपण आत जाण्यासाठी उभे आहोत.

आपल्या शासनाने वेगळा मार्ग पत्करला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांना यामुळे जे मिळाले ते मोलाचे आहे आणि त्याविषयी कुरकूर करणे योग्य नव्हे. परंतु ही सोय शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा वैद्य किंवा लहान फार्मसीचा मालक तिच्या कक्षेत येत नाही. आपल्याच शास्त्रावरील, आपल्याच करातून खरेदी केलेला लेख त्याला आजही शुल्क भरून अथवा कोणा ओळखीच्या प्राध्यापकाला गळ घालून मिळवावा लागतो.

माझा स्वतःचा एक अनुभव येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. विचर्चिकेच्या रुग्णांत जलौकावचारणाने आलेल्या अनुभवांच्या नोंदी मी काही वर्षे ठेवल्या होत्या. त्यावर इंग्रजीत लेख तयार करून एका परदेशी व्यापारी नियतकालिकाकडे पाठविला. परीक्षकांचे शेरे चांगले होते व त्यांनी मला विचार करावयास लावले, हे मान्य केले पाहिजे. लेख स्वीकारल्याचे पत्र आले आणि त्यासोबत दोन कागद आले. एक शुल्काचा, जो माझ्या दवाखान्याच्या तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक होता. दुसरा स्वामित्वहक्काचा. त्यानुसार माझ्याच रुग्णांची, त्यांच्या संमतीने काढलेली छायाचित्रे मला आपल्या जिल्हा शाखेच्या स्मरणिकेत छापावयाची झाल्यास प्रकाशकाची लेखी परवानगी लागणार होती. मी लेख मागे घेतला. त्या संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण करारातील ती कलमे या धंद्यात सर्वत्र आढळतात.

कोणी म्हणेल, की शुल्क अधिक असेल, परंतु मोठ्या प्रकाशकाकडे गुणवत्तेची व निष्पक्षतेची हमी असते. आपल्यासारख्या, औषधनिर्मात्यांशी रोजचा संबंध असणाऱ्या वाचकांनी या ठिकाणी एक जुने प्रकरण आठवावे. २००० ते २००५ या काळात एल्सव्हियरच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने शास्त्रीय नियतकालिकासारखी दिसणारी सहा प्रकाशने काढली. त्यांतील अस्थिसंधीविषयक प्रकाशनाचा खर्च मर्क या औषधकंपनीने दिला होता आणि त्यातील लेख त्या कंपनीच्या औषधांना अनुकूल होते. वाचणाऱ्या डॉक्टरांना हे कळेल अशी सूचना कोठेही नव्हती. व्हायॉक्स या वेदनाशामकाच्या खटल्यात २००९ साली ही बाब उघड झाली, तेव्हा प्रकाशकाने खेद व्यक्त केला. प्रकाशक मोठा असला म्हणजे तो औषधकंपनीच्या पैशापासून दूर असतोच असे नाही, इतकेच यावरून सिद्ध होते. पण आपल्या चर्चेसाठी तेवढे पुरेसे आहे.

व्यापारी संस्थेकडे गेलेले नियतकालिक परत मिळत नाही, हाही अनुभव महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या कर्मचारी संघाचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघते. या शतकाच्या आरंभी ते महाजालावर सर्वांना खुले करण्यामागे डॉ. डी. के. साहू या बालरोगतज्ज्ञांचा हात होता. त्यांनीच मेडनो ही प्रकाशनसंस्था मुंबईत उभी केली. वाचकाकडून संकेतस्थळावर पैसे नाहीत, लेखकाकडूनही नाहीत, खर्च छापील अंकाच्या वर्गणीतून व जाहिरातींतून भागवावयाचा, अशी ती पद्धत होती. भारतातील शेकडो संशोधकांचे लेख तिच्यामुळे जगाने प्रथम वाचले. शंभराहून अधिक वैद्यकीय संघटनांनी विश्वासाने आपली नियतकालिके तिच्याकडे दिली. २०११ साली वॉल्टर्स क्लुवर या नेदरलँड्सच्या कंपनीने मेडनो विकत घेतली. संघटनांनी करार केला होता मुंबईतील एका डॉक्टरांच्या संस्थेशी. सकाळी उठून पाहावे तो दुसरा पक्ष अॅमस्टरडॅमजवळ बसलेला. बहुतेक लेख आजही खुले आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण दर काय असावेत, करारात काय असावे, हे ठरविणारे लोक आता त्या संघटनांच्या सभेला येत नाहीत.

लोणावळ्याच्या कैवल्यधामातून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलेले 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही अलीकडच्या काळात याच संस्थेमार्फत प्रसिद्ध होऊ लागले. नौली करताना उदरात निर्माण होणाऱ्या निर्वाताचे मापन, क्ष-किरणचित्रे, आसनांच्या नोंदी हे सारे त्या काळी स्वतःच्या हिमतीवर छापणारे ते नियतकालिक. बंगळुरूहून २०१० साली निघालेले 'जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन' पुढे एल्सव्हियरकडे गेले. या संस्थांनी काय विचार करून असे केले असेल ते त्यांना ठाऊक, आणि त्यांच्या अडचणी आपल्याहून वेगळ्या असतील. मात्र आयुर्वेद आणि योग या विषयांवरील नावाजलेली भारतीय नियतकालिके एकामागून एक दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या छत्राखाली जात आहेत, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येणार नाही.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. व्यापार हे पाप आहे असे मला म्हणावयाचे नाही. तसे म्हटले तर या अंकाचे निम्मे वाचक रागावतील आणि त्यांचा राग योग्यच असेल. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत काढलेला निर्णयसागर हा छापखाना व्यवसायच होता. परंतु त्या छापखान्याने आपल्या शास्त्रासाठी काय केले ते पाहा. मूळचे पोरबंदरचे व मुंबईत चिकित्सा करणारे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली चक्रपाणींच्या टीकेसह चरकसंहिता आणि डल्हणाच्या टीकेसह सुश्रुतसंहिता तेथूनच छापल्या गेल्या. चरकाची १९४१ ची आवृत्ती आणि सुश्रुताची १९३८ ची आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते, आणि वाराणसीच्या प्रकाशकांनी काढलेली त्यांची पुनर्मुद्रणे आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात आहेत. हस्तलिखितांतील पाठभेद तळटीपेत दिलेले, टीकाकाराचा एक शब्दही गाळलेला नाही. दुर्मिळ रसग्रंथ लोकांना मिळावेत म्हणून यादवजींनी स्वतःच्या पुढाकाराने 'आयुर्वेदीय ग्रंथमाला' चालविली. दिवसा रुग्ण पाहणारा हा वैद्य रात्री प्रकाशक होत असे. छापखान्याने पैसा मिळविला, पण काय छापावे आणि कसे छापावे याचा निर्णय वैद्याचा राहिला. माझा आग्रह त्या निर्णयापुरता आहे.

याच काळातील मराठी परंपराही विसरता येत नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचे पहिले अधिवेशन भरविले, त्याच्या कितीतरी आधीपासून ते वैद्यकाची मासिके चालवीत होते. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय काढणारे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे 'भिषग्विलास' काढीत. त्यांचे 'आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र' आजही रसौषधीची योजना ठरविताना वैद्य उघडून पाहतो. हे सर्व मराठीत लिहिले गेले. आपल्यापुढील प्रस्तावातले इंग्रजीचे कलम मला म्हणूनच शुल्कापेक्षा अधिक बोचते. नंदुरबार किंवा भोर तालुक्यात तीस वर्षे चिकित्सा करणाऱ्या वैद्याला एखाद्या वनस्पतीच्या स्थानिक उपयोगाविषयी जे सांगता येते ते तो मराठीतच सांगेल. अंक इंग्रजी झाला की तो लिहिणे थांबवील, आणि आपण त्याच्याऐवजी त्याच विषयावर ग्रंथालयात बसून लिहिलेला दुसऱ्याचा लेख छापू. इंग्रजी सारांश प्रत्येक लेखाला अवश्य जोडावा. मूळ मजकूर लेखकाच्या भाषेत असावा.

स्वतंत्र म्हणजे आपोआप नीतिमान, असेही समजण्याचे कारण नाही. मोठ्या प्रकाशकांना पर्याय म्हणून आपल्या देशात जी शेकडो 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिके निघाली त्यांनी काय केले ते आपण पाहिले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील १,००९ नियतकालिके तपासली, तेव्हा सुमारे ८८ टक्के नियतकालिके किमान निकषांवरही टिकली नाहीत. ही तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढून टाकली. हैदराबादच्या ओमिक्स या संस्थेला तर अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ साली फसवणुकीबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. यांतील कोणावरही परदेशी कंपनीचे छत्र नव्हते. आठ दिवसांत लेख छापून देतो अशी जाहिरात करणाऱ्या नियतकालिकांना आपलेच विद्यार्थी पैसे भरतात आणि आपणच मार्गदर्शक म्हणून तेथे आपले नाव घालू देतो.

म्हणून आदर्श शोधावयाचा तर तो मुंबईतच सापडतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या निवडणुकीतील गैरप्रकारांचा अनुभव घेतलेल्या काही डॉक्टरांनी फोरम फॉर मेडिकल एथिक्स ही संस्था स्थापिली आणि १९९३ साली एक लहानसे पत्रक काढले. मेंदूशल्यचिकित्सक डॉ. सुनील पंड्या हे त्याचे पहिले संपादक. तेच आजचे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'. लेखकाकडून शुल्क नाही, वाचकाकडून शुल्क नाही, औषधकंपन्यांच्या जाहिराती नाहीत. तरीही ते मेडलाइन या निर्देशसूचीत आहे. निर्देशसूचीत जाण्यासाठी मोठा प्रकाशक लागतो ही आपल्या चर्चेतील मुख्य समजूत एवढ्या एका उदाहरणाने ढासळते. लागते ते वेळेवर निघणारे अंक, जाहीर नियम आणि खरे परीक्षण.

परीक्षणाची कल्पना आपल्याला परकीय नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाचार्य शिष्याला सांगतात, की अनेक शास्त्रे लोकांत प्रचलित आहेत, त्यांची आधी परीक्षा करावी. आणि त्याच अध्यायात तद्विद्यसंभाषेचे प्रकार व नियम येतात. मैत्रीने केलेली संभाषा कोणाशी करावी आणि विरोधाची कोणाशी, हेही ते सांगतात. आज आपल्या अंकात एकच लेख एका परिचित वैद्याला दाखवून 'चांगला आहे' असा निरोप आला की छापला जातो. ही ना संधायसंभाषा, ना विगृह्यसंभाषा.

आता ज्या मुद्द्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. तो औषधनिर्मात्यांशी संबंधित आहे आणि त्यांनी तो सद्भावाने घ्यावा. २००४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे त्यात म्हटले होते. २००८ साली महाजालावरून मागविलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी झाली आणि प्रमाण पुन्हा पाचापैकी एक असेच निघाले. आपल्या सभांतून त्यावर पुष्कळ संताप व्यक्त झाला. शोधित-मारित पारद आणि दूषित कच्चा माल यांत फरक आहे, हा आपला मुद्दा बरोबरच होता. पण तो मुद्दा सिद्ध करण्यासाठी आपल्या रसशाळांनी आपल्या कल्पांच्या तुकडीवार तपासण्या कोठे छापल्या होत्या? शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची केली, ती त्या लेखानंतर. चाचण्या झाल्या, अहवाल कपाटात राहिले.

गुळवेलीच्या बाबतीत तेच घडले. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी महासाथीच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना झालेल्या यकृतविकाराचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये त्यावर आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुडूचीच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल होती, याची ओळख पटविलेली नाही. आक्षेप शास्त्रीयच होता. परंतु त्या दोन वर्षांत आपल्यापैकी प्रत्येकाने गुडूची दिली. स्वरस, क्वाथ, घनवटी, सत्त्व, अशा कोणत्या कल्पात, किती मात्रेत, किती दिवस दिली आणि कोणाच्या यकृताच्या चाचण्या केल्या, याच्या नोंदी किती वैद्यांनी छापल्या? आपल्या त्रैमासिकात एकही नाही. मी अंक चाळून पाहिले. गुडूचीचे गुणवर्णन करणारे चार लेख आहेत, त्यांतील दोन लेखांसमोरच्या पानावर घनवटीची जाहिरात आहे.

तेव्हा अंक आपल्या हाती ठेवावयाचा तर तो आपल्याच पैशांपासून मोकळा ठेवावा लागेल. मी सुचवितो ते असे. औषधनिर्मात्यांनी विशिष्ट पानावरील विशिष्ट औषधाच्या जाहिरातीऐवजी सामायिक निधीला वार्षिक वर्गणी द्यावी. तो निधी संपादक मंडळाबाहेरील तीन सभासदांनी सांभाळावा आणि देणाऱ्यांची यादी अंकात छापावी. ज्या औषधावर लेख आहे त्याची जाहिरात त्या अंकात नसावी. फार्मसीने औषध फुकट दिले असेल तर लेखात तसे लिहावे आणि औषधाचा तुकडी क्रमांकही द्यावा. नियोजित चिकित्साप्रयोग असेल तर २००७ पासून सुरू असलेल्या भारतीय चिकित्साप्रयोग नोंदणीतील क्रमांक विचारावा. औषधाचा गुण आला नाही असा लेख आला तर तोही गुण आलेल्या लेखाइतक्याच पानांत छापावा. आणि एखाद्या कल्पाचा उपद्रव आढळला तर संबंधित निर्मात्याला उत्तर देण्याची संधी त्याच अंकात मिळावी. हे शेवटचे काही बंधूंना आवडणार नाही, याची मला जाणीव आहे. कोट्टक्कल आर्यवैद्यशाळेचे संस्थापक पी. एस. वारियर यांनी १९०२ साली औषधालय काढले आणि लगेच १९०३ साली 'धन्वंतरी' हे मल्याळम मासिक काढले. आर्य वैद्य फार्मसीशी संबंधित कोइम्बतूरच्या न्यासाने १९८१ पासून 'एन्शंट सायन्स ऑफ लाइफ' चालविले, ज्याचे जुने अंक आजही विनामूल्य वाचावयास मिळतात. औषधनिर्मात्याने शास्त्रचर्चेचा भार उचलणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. तिला वर उल्लेखिलेल्या अटींची जोड द्यावयाची आहे.

तांत्रिक बाजू वाटते तितकी अवघड नाही. लेख स्वीकारण्यापासून परीक्षण व प्रकाशनापर्यंतचे सर्व काम करणारी 'ओपन जर्नल सिस्टिम्स' ही संगणकप्रणाली कॅनडातील विद्यापीठीय प्रकल्पाने २००१ पासून विनामूल्य दिली आहे आणि जगातील हजारो नियतकालिके तिच्यावर चालतात. आयएसएसएन क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. लेखाला कायमचा अंकीय क्रमांक द्यावयाचा तर वार्षिक सभासदत्वाखेरीज प्रत्येक नव्या लेखामागे सुमारे एक डॉलर पडतो. मुक्त नियतकालिकांच्या जागतिक सूचीत नोंद करण्यास पैसे लागत नाहीत, निकष मात्र कडक आहेत. लेखकाचा हक्क लेखकाकडे ठेवून इतरांना मजकूर वापरू देणारे तयार परवाने उपलब्ध आहेत. खरा खर्च माणसांचा आहे. मुद्रिते तपासणारी एक व्यक्ती आणि संगणकाचे काम पाहणारी एक व्यक्ती, दोघांनाही दरमहा मानधन दिले पाहिजे. संपादकाची मुदत तीन वर्षांची असावी व पुढील संपादकाने आधीचे एक वर्ष सोबत काम करावे, म्हणजे एका व्यक्तीच्या आजारपणाबरोबर अंक आजारी पडणार नाही. आपल्या वार्षिक वर्गणीत थोडी वाढ केल्याशिवाय हे जमणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

जुने अंक महाजालावर ठेवण्याचे काम कार्यकारिणीच्या निर्णयाची वाट न पाहता सुरू करता येईल. हैदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने संहिता सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. आपण निदान आपले अंक करू शकतो. कार्यालयातील संचात पहिल्या काही वर्षांचे अनेक अंक नाहीत आणि जे आहेत त्यांतील काहींना वाळवीने आपल्याआधी वाचून काढले आहे. ज्या ज्येष्ठ वैद्यांकडे ते जतन केलेले असतील त्यांनी कृपया संघटनेच्या कार्यालयात कळवावे. अंक पावती देऊन नेले जातील, त्यांची छायाप्रत काढली जाईल आणि महिन्याच्या आत घरपोच परत केले जातील.